१४ बाय १७ इंची फिल्मसाठी डार्करूमचे ट्रे कुठे मिळतील, का घरीच बनवावेत?

गडदखोली
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय.

गेलं दीड वर्ष रविवार-रविवार खपून एक कॅमेरा बनवलाय. १४ बाय १७ इंचाचा, म्हणजे निगेटिव्हच तेवढी मोठी. छातीच्या एक्स-रेची फिल्म असते ना, तीच वापरतोय कारण दुसरी कुठली फिल्म या मापात इथे सहज मिळत नाही. चौकट जुन्या सागाची, भाता मी आणि बायकोने जमिनीवर बसून घड्या घालून चिकटवला, लेन्स एका बंद पडलेल्या छापखान्याच्या प्रोसेस कॅमेऱ्याची आहे ६०० मिमीची. एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र) वगैरे काही नाही, निगेटिव्ह कागदावर ठेवायची आणि उजेड द्यायचा, जेवढी निगेटिव्ह तेवढी प्रिंट, म्हणजे कॉन्टॅक्ट प्रिंट. मला आमच्या गावच्या वाड्याचे फोटो काढायचेत, तो पडायच्या आधी.

आता अडलंय ते ट्रेपाशी. पुण्यात जुन्या फोटोवाल्यांकडे विचारलं, १२ बाय १५ च्या पुढे कोणाकडे काही नाही. बाहेरून मागवायचे तर १६ बाय २० आणि २० बाय २४ चे मिळतात, पण ट्रे म्हणजे निम्मी हवाच, कुरिअरवाले वजनावर नाही तर आकारमानावर पैसे लावतात आणि तेच ट्रेपेक्षा जास्त होतात. मला डेव्हलपर (चित्र उमटवणारा द्राव), स्टॉप (ते उमटणं थांबवणारा), फिक्सर (चित्र कायम करणारा) असे तीन तरी हवेत, धुण्याचा चौथा.

एकदा हात पोळून झालाय. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून जीआय पत्र्याचे तीन ट्रे वाकवून घेतले, आतून ऑइलपेंटचे दोन हात मारले. फिक्सरच्या ट्रेला दुसऱ्याच वेळी फुगे आले, पेंट सालीसारखा सुटला आणि खाली सगळं काळं. दोन निगेटिव्ह गेल्या त्यात.

कोणी एवढ्या मापाचे ट्रे बनवलेत का? कशाचे? कुठून?

मीनाक्षी_भ
वा! आधी कॅमेऱ्याचा फोटो टाका बघू, ट्रेचं नंतर बघू :)

हायपोकाका
गडदखोली, जीआयचं असंच होणार होतं. त्यावर जस्त असतं, आम्लाच्या फिक्सरला ते टिकत नाही. शिवाय वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते, ती जस्तावर येऊन बसते, तो काळा थर म्हणजे चांदीच बरं का. ॲल्युमिनियमही घेऊ नका, डेव्हलपर अल्कली असतो, तो ॲल्युमिनियम खातो. तांबं-पितळ तर डेव्हलपरच्या आसपाससुद्धा नको, फिल्मवर धुकं येतं. मिन्याचे म्हणजे इनॅमलचे ट्रे पूर्वी सर्रास असायचे, पण एकदा टवका उडाला की खालचं लोखंड गंजायला लागतं.

तुमची लेन्स छापखान्यातली आहे हे वाचून बरं वाटलं. मी स्वतः एकवीस वर्षं ऑफसेटच्या प्रोसेस विभागात काढली. भिंतीएवढा कॅमेरा, निम्मा उजेडात आणि निम्मा डार्करूममध्ये, मधे भिंत. लिथो फिल्म २० बाय २४ ची असायची आणि ती ट्रेमध्येच धुवायची, ए आणि बी असे दोन द्राव सम प्रमाणात मिसळून, लाल दिव्याखाली. काळं पुरेसं चढलं की नाही ते डोळ्यांनी बघायचं आणि नेमक्या क्षणी उचलायची. आमचे ट्रे पांढरे पीव्हीसीचे होते. कॉम्प्युटरवरून थेट प्लेट निघायला लागली तेव्हा सगळं भंगारात गेलं, माझ्या डोळ्यांदेखत. दोन ट्रे मी घरी आणले होते, आमच्या हिने कित्येक वर्षं त्यात पापड वाळवले. (धुतले होते हो, पण आता मीच सांगतो की ते चुकलंच, एकदा रसायनाचं झालेलं भांडं स्वयंपाकाला परत आणायचं नाही.)

तर पहिला सल्ला, जुन्या छापखान्यांत विचारा. सदाशिव पेठ, नारायण पेठ, आप्पा बळवंत चौकाच्या आसपास, जिथे म्हातारा मालक अजून गल्ल्यावर बसतो तिथे. माळ्यावर पडलेले असतात.

बाराभानगडी
लग्नाच्या आचाऱ्याकडची परात आणा की. त्यात दोन निगेटिव्ह आणि चार माणसं मावतात.

गडदखोली
@बाराभानगडी परातीचा हिशोब मी खरंच केला होता :) गोल भांड्यात १४ बाय १७ आडवी बसायला व्यास २२ इंचांच्या वर लागतो आणि रसायन दीडपट जातं.

@हायपोकाका, प्रेसमध्ये लेन्स घेतली तिथे ट्रेचं विचारायचं सुचलंच नाही. जाऊन येतो.

क्षकिरण
मी एक्स-रे टेक्निशियन, आता निवृत्त. तुम्ही आमची फिल्म वापरताय तर आमचीच पद्धत का नाही वापरत? तालुक्याच्या ठिकाणी आम्ही वर्षानुवर्षं सगळं हातानेच केलं. स्टीलच्या उभ्या टाक्या, साडेतेरा लिटरच्या, पावडरचं पाकीटच मुळी साडेतेरा लिटरचं यायचं. फिल्म स्टीलच्या हँगरला चार कोपऱ्यांत क्लिपा लावून ताणायची आणि उभी टाकीत सोडायची. १४ बाय १७ चे हँगर तर प्रत्येक एक्स-रे सेंटरमध्ये डझनाने असायचे. आता सगळीकडे डिजिटल झालं, हँगर खिळ्याला टांगलेले नाहीतर भंगारात. कुठल्याही जुन्या डॉक्टरांकडे गोड बोलून मागा, फुकट देतील. ट्रेची गरजच नाही, ओरखडा नाही, हात बुडत नाहीत.

मीनाक्षी_भ
हे भारी आहे! मला हे माहीतच नव्हतं.

गडदखोली
क्षकिरण, कल्पना मस्त आहे पण मी महिन्यातून दोन-तीन फिल्म धुणार. साडेतेरा लिटर डेव्हलपर कालवून ठेवला तर पुढच्या महिन्यापर्यंत हवा लागून चहासारखा होईल. मी रोडिनल नावाचा डेव्हलपर एकास शंभर पाण्यात वापरतो, एकदा वापरून ओतून द्यायचा.

क्षकिरण
तरंगतं झाकण ठेवायचं टाकीत, हवा लागत नाही. आमचा महिना-महिना टिकायचा, मधून मधून रिप्लेनिशर (डेव्हलपरचा जोर भरून काढणारा द्राव) घालत.

हायपोकाका
@क्षकिरण, तुमच्या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, इथे फरक आहे. एक्स-रे मध्ये तुम्ही कडक डेव्हलपरमध्ये फिल्म पूर्ण होईपर्यंत ठेवायचात, काळं ते काळंकुट्ट व्हायला हवं, डॉक्टरला हाड दिसायला हवं. फोटोसाठी हे लोक पातळ डेव्हलपर घेतात आणि मधेच थांबवतात, नाहीतर आकाश आणि पांढरी भिंत एकच होऊन जाते. मधे थांबवायचं तर सगळीकडे सारखं चढलं पाहिजे. उभ्या टाकीत कमी हलवलं तर वापरला गेलेला द्राव फिल्मवरून खाली ओघळतो आणि पट्टे उमटतात, आणि जास्त हलवलं तर क्लिपांपाशी भोवरे होऊन तिथे खुणा. छातीच्या फोटोत ते कोणी बघत नाही, वाड्याच्या भिंतीवर लगेच दिसतं.

क्षकिरण
पट्ट्यांचं मान्य. तरी फिक्सर आणि धुणं टाकीत करा असं म्हणेन, तिथे पट्ट्यांचा प्रश्न नाही आणि फिक्सर परत परत वापरता येतो. आणि ही फिल्म दोन्ही बाजूंनी इमल्शनची (चित्र उमटतं तो थर) असते हे विसरू नका, फिक्स नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. ट्रेमध्ये खालची बाजू ट्रेच्या बुडावर घासते, ओरखडे तिथेच पडतात.

गडदखोली
ओरखडे!!! तोच तर माझा दुसरा प्रश्न होता. नख लागलं तरी रेघ येते.

न्यूजर्सीतला_नाना
इथे अमेरिकेत बरेच लोक ट्रेच्या बुडावर काच ठेवतात, कडा घासून गुळगुळीत केलेली. गुळगुळीत काचेवर ओली फिल्म सरकते, ओरखडत नाही. म्हणून नालीदार बुडाचे ट्रे या फिल्मसाठी नकोतच, ते कागदासाठी बरे, कागद उचलायला सोपा जातो. आणखी एक उपाय म्हणजे मागचं इमल्शन शेवटी काढूनच टाकायचं. फिल्म सुकली की पुढची बाजू खाली करून काचेवर चारही कडांनी टेप लावून घट्ट चिकटवायची आणि मागच्या बाजूला घरातलं ब्लीच फिरवायचं, ते इमल्शन जेलीसारखं सुटून येतं. टेपखालून थेंब जरी पुढे गेला तरी चित्र गेलं, पण जमलं तर निगेटिव्ह जास्त धारदार दिसते.

ट्रेबद्दल, इथे मंडळी काय काय वापरतात बघा. वॉलपेपर भिजवायचं लांबट प्लास्टिकचं पन्हाळं, सिमेंट कालवायचे टब, दारात बूट ठेवायचे ट्रे, वॉशिंग मशीनखाली ठेवतात ते. बुटांचा ट्रे मी वापरलाय, उंची फार कमी, हलवताना सगळं ओट्यावर.

आणि ट्रेच्या बाबतीत या सगळ्यांचा बाप सांगतो. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात एल टोरोच्या बंद पडलेल्या लष्करी विमानतळावर विमानं ठेवायच्या एका हँगरचाच पिनहोल कॅमेरा (लेन्सऐवजी बारीक भोक असलेला) केला होता. कापडावर इमल्शन लावून साधारण १०७ फूट रुंद आणि ३१ फूट उंच एकच फोटो काढला. तो धुवायला ट्रे कुठून आणणार? त्यांनी पोहण्याच्या तलावाला आतून लावतात त्या व्हायनलचा ट्रे केला. ६०० गॅलन डेव्हलपर आणि १२०० गॅलन फिक्सर लागला.

बाराभानगडी
६०० गॅलन म्हणजे सव्वादोन हजार लिटरच्या वर. आमच्या सोसायटीला दोन दिवस पुरेल.

शिरोळचा_पाटील
नानांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, मला फोटोग्राफीतलं काही कळत नाही. तलावाचं अस्तर म्हणताय तर आपल्याकडे शेततळ्याचा कागद असतो की! ५०० मायक्रॉनचा, पाच-पाच वर्षं उन्हात पाण्याखाली असतो, काही होत नाही. गावोगावी शेततळी झाली, ज्याच्याकडं बघाल त्याच्याकडं उरलेले तुकडे पडलेत, आम्ही त्याचा वैरणीवर टाकायला वापर करतो. लाकडाची चौकट करा, त्यात कागद बसवा, कोपरे कापू नका, द्रोणाला घडी घालतो तशी घडी घालून बाहेरून खिळे मारा. पाणी गळायचं कारणच नाही. कुठं राहता सांगा, तुकडा पाठवतो.

मीनाक्षी_भ
पाटील, तुम्हाला फोटोग्राफीतलं कळत नाही असं कोण म्हणेल! हे आत्तापर्यंतचं सगळ्यात भारी उत्तर आहे.

गडदखोली
पाटील साहेब, मनापासून आभार. तुकड्याचे आणि एसटी पार्सलचे पैसे मी देणार, नाही म्हणू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

शिरोळचा_पाटील
पैसे नकोत, पहिला फोटो पाठवा.

भोसरीकर
थोडं व्यावहारिक बोलतो. माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. इलेक्ट्रोप्लेटिंगवाल्यांना ॲसिडच्या टाक्या लागतात, त्या पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या शीटच्या वेल्ड करून बनवतात. हॉट एअर गन आणि पीपीचीच वेल्डिंग रॉड. भोसरी, चाकण, नाशिकला अंबड, कुठल्याही एमआयडीसीत असे वर्कशॉप सापडतील. जो माणूस क्रोमिक ॲसिडची टाकी न गळता करतो त्याला तुमचा ट्रे म्हणजे चहा प्यायच्या वेळेतलं काम. ५ मिमी शीट घ्या, आठ बाय चार फुटांची येते, एकातून तीन-चार ट्रे निघतील. एकट्या ट्रेसाठी शीट कापायला कोणी तयार नसतो, तेव्हा त्यांच्याकडे पडलेले ऑफकट मागा.

सांगताना या गोष्टी सांगा नाहीतर टाकीसारखा उभा डबा करून देतील: कडा बाहेरच्या बाजूला थोड्या तिरक्या, एका कोपऱ्याला ओतायला चोच, आतले जोड तासून गुळगुळीत, आणि बुडाखाली आडव्या दोन पट्ट्या. त्या पट्ट्या महत्त्वाच्या, नाहीतर तीन-चार लिटर भरून उचलला की बूड मधे लोंबतं, आणि टेबलावरही सपाट बसत नाही म्हणून मधे द्राव जास्त आणि कडेला कमी. घरी आणल्यावर पाणी भरून वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा, सकाळी कागद कोरडा तर ट्रे पास.

ॲक्रिलिकवाल्याकडे जाऊ नका. ते क्लोरोफॉर्मने जोड चिकटवतात, शोकेसला ठीक आहे, पण रोज हलवायच्या ट्रेचा जोड कधीतरी उकलतो आणि तो नेमका भरलेला असतानाच उकलतो.

पोलादी
स्टीलचं कोणीच का बोलत नाही? एकदा केला की नातवापर्यंत. फक्त ग्रेड बघा. भांड्यांचं स्वस्त स्टील हल्ली २०२ असतं, ते फिक्सरला नको. ३०४ चालून जातं पण फिक्सर रात्रभर तसाच ठेवला तर बारीक खड्डे पडतात. ३१६ घ्यावं, त्यात मॉलिब्डेनम असतं. आणि चुंबक लावून काही कळत नाही, २०२ लाही चिकटत नाही आणि ३१६ लाही नाही. भंगारवाल्यांकडे, स्टीलवाल्यांकडे मॉलीची टेस्ट करायचं औषध असतं, थेंब टाकून रंग बघतात, ते करून घ्या.

भोसरीकर
३१६ च्या एका ट्रेच्या पैशात पीपीचे किती होतील ते पण सांगा की पोलादी शेठ.

पोलादी
ते खरंय. पण हिवाळ्यात स्टीलचा ट्रे गरम पाण्याच्या परातीत ठेवला की द्राव लगेच तापतो, प्लास्टिकला वेळ लागतो. पसरट ट्रेमध्ये द्राव खोलीच्या तापमानाला फार पटकन येतो, मे महिन्यात पुण्यात करून बघा.

कोरा_कागद
एक प्रामाणिक प्रश्न, राग मानू नका. एवढा खटाटोप कशासाठी? चांगला डिजिटल कॅमेरा घेऊन त्याच वाड्याचा फोटो काढून १४ बाय १७ ची प्रिंट मारली तर भिंतीवर लावल्यावर कोणाला फरक कळणार आहे?

गडदखोली
राग कशाला. भिंतीवर लांबून कळणार नाही कदाचित. पण कॉन्टॅक्ट प्रिंट हातात घेऊन भिंग लावून बघितली ना तर दारावरच्या खिळ्याच्या डोक्यावरचा हातोडीचा घाव दिसतो. आणि दुसरं म्हणजे वाडा माझ्या आजोबांनी बांधला, तिथे सगळं हातानेच झालंय. त्याचा फोटोही मला हातानेच करावासा वाटतो, दुसरं कारण देता येणार नाही.

हायपोकाका
पुरेसं आहे ते कारण. आपल्याकडे सिनेमाची सुरुवातच अशी झाली. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, त्या वेळी दादासाहेब फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई रसायनं कालवायच्या, फिल्म धुवायला मदत करायच्या, आणि तेवढ्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही त्याच बघायच्या. आणि कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच स्वतः बनवला. विकत मिळत नाही म्हणून आपण अडून राहिलो नाही कधी.

मीनाक्षी_भ
मी सायनोटाइप (निगेटिव्हवरून उन्हात काढायच्या निळ्या प्रिंट) करते, १६ बाय २० च्या आसपास, तर माझा अनुभव लिहिते. तीन ट्रे लागतातच असं नाही. माझं बाथरूम एवढंसं आहे, तीन ट्रे मांडले तर मी बाहेर. मी मोठ्या फिल्मसाठी एकच ट्रे वापरते. आधी साधं पाणी घालून फिल्म भिजवायची, पाणी ओतायचं, डेव्हलपर घालायचा, वेळ झाली की ओतून स्टॉप, मग फिक्सर, फिल्म एकदाही उचलायची नाही. ओरखडे निम्म्याने कमी झाले कारण ते बहुतेक उचलताना पडत होते. फक्त ओतताना फिल्म तळहाताने अलगद धरावी लागते (हातमोजे घालून, हे सांगायलाच नको, डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोन किंवा पायरो ही अंगाला लावून घ्यायची वस्तू नाही) आणि द्राव आधी मगमध्ये मोजून ओळीने मांडून ठेवायचे. घालताना फिल्मवर धार धरू नका, कोपऱ्यात एका दमात ओता आणि लगेच ट्रे उचलून लाट फिरवा.

नळवाला
मग सरळ बुडाला कोपऱ्यात अर्ध्या इंची कॉक बसवा की. भोसरीकरांचा वेल्डर टाकीला बसवतोच. खालून काढायचं, वरून घालायचं.

मीनाक्षी_भ
@नळवाला हे करून बघितलंय मैत्रिणीने, काढायला वेळ लागतो. डेव्हलपर जाईपर्यंत अर्धा मिनिट जातं आणि कॉकच्या बाजूला जास्त वेळ राहिल्यामुळे तो कोपरा काळा. धुण्याच्या ट्रेला मात्र कॉक उत्तम.

पाइपलाइन
ट्रे सोडा, पाइप घ्या. १६० मिमीचा पीव्हीसी पाइप, आतला घेर साधारण पावणेएकोणीस इंच होतो, म्हणजे १७ इंच बाजू गोल वळून आत बसते. दोन्हीकडे टोप्या. अर्धा लिटर रसायनात काम होतं, जमिनीवर लोळवत बसायचं. झाकण लागल्यावर दिवे लावून चहा प्या.

न्यूजर्सीतला_नाना
एका बाजूच्या इमल्शनच्या फिल्मला हे उत्तम. इथे मागची बाजू पाइपला चिकटून बसते, तिथे द्राव पोचत नाही आणि मागे ढगांसारखे डाग. आत प्लास्टिकची जाळी घालून बघितलं तर जाळीची नक्षी उमटते. मॅमोग्राफीची फिल्म एका बाजूची असते, ती मिळाली तर पाइप वापरा.

पाइपलाइन
हम्म, दोन बाजूंचं लक्षात नव्हतं आलं.

टेरेसवाली
हायड्रोपोनिक चाऱ्याचे ट्रे मिळतात की तीन बाय दोन फुटांचे, आमच्या नर्सरीत ढीग आहे.

शिरोळचा_पाटील
ताई त्याला खाली भोकं असतात पाणी निघायला.

टेरेसवाली
अर्रर्र, हो की.

कोकणातला_बाबल
फायबरचा करून घ्या कोण होडीवाल्याकडून, आमच्याकडे मालवणात होड्यांची फायबरची कामं चालतात. लाकडाचा साचा केला की हवे तेवढे निघतात, आतून जेलकोट दिला की काचेसारखा गुळगुळीत. घरी स्वतः करणार असाल तर एकच सांगतो, हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन घट्ट व्हायला घालतात ती दोन रसायनं) कधीही थेट एकमेकांत घालायचं नाही, पेट घेतं. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मग दुसरं.

गडदखोली
तीन आठवड्यांनी परत येतोय, काय काय झालं ते सांगतो.

प्रेसमध्ये गेलो होतो. मालकांनी माळ्यावर चढवलं, एकच ट्रे निघाला, पांढरा पीव्हीसीचा, हायपोकाका म्हणाले तसलाच, पण कोपऱ्यात तडा. तो आणलाय, धुण्याला वापरतो, तड्यावर बाहेरून पीव्हीसीचं सोल्युशन लावलं.

पाटलांचा कागद आला, चांगला दोन मीटरचा तुकडा, सोबत गुळाची ढेप. १२ मिमी प्लाय आणि तीन इंची पट्ट्यांची चौकट करून बसवला. ५०० मायक्रॉन चांगलाच ताठ असतो, घडी पडत नव्हती, हेअर ड्रायरने तापवला मग वळला. थेंबभर गळती नाही. पण डेव्हलपरला नाही चालला, दोन कारणांनी. कोपऱ्यात सुरकुत्या राहतात त्या फिल्मला टोचतात, आणि कागद काळा असल्यामुळे लाल दिव्यात फिल्म दिसतच नाही, किती चढलंय ते बघता येत नाही. स्टॉप आणि फिक्सरला मात्र एकदम फिट, फिक्सर दहा दिवस त्यातच आहे, वरून त्याच कागदाचं झाकण.

डेव्हलपरसाठी भोसरीकरांनी सांगितलं तसं पीपीचा करून घेतला, मुद्दाम पांढऱ्या शीटचा. आणि इथे माझी चूक झाली. रसायन वाचवायच्या नादात आतलं माप १५ बाय १८ दिलं. पहिल्या दोन निगेटिव्हच्या चारही कडा बोटभर काळ्या. आधी मला वाटलं कॅमेऱ्यात उजेड शिरतोय, भाता तपासण्यात एक रविवार घालवला.

हायपोकाका
लाट भिंतीवर आपटून परत येते, तिथे फिल्मच्या कडेला खळबळ जास्त म्हणून तिथे डेव्हलपमेंट जास्त. फिल्म आणि भिंत यांच्यात सगळ्या बाजूंनी किमान दोन इंच हवेत. आणि हलवणं ठराविक ठेवू नका, एकदा उत्तरेची कड उचला, मग पूर्वेची, मग दक्षिण, पश्चिम, पुढच्या वेळी क्रम बदला. एकाच दिशेने झुलवलं की उभी लाट तयार होते आणि तिचा पट्टा उमटतो.

भोसरीकर
१८ बाय २१ करून घ्या. आधीचा वाया नाही जात, बारा-पंधराच्या कागदाला वापरा.

गडदखोली
हो, १८ बाय २१ चाच केला परवा, उंची साडेतीन इंच. तीन लिटर घातलं की सव्वा सेंटिमीटर खोली येते, तीस मिलि रोडिनल. बुडाला ४ मिमी काच. ट्रेखाली मधोमध लाटणं ठेवून झुलवायचं बघितलं पण त्याने एकाच दिशेला हलतो, काकांनी सांगितल्यावर लाटणं काढलं, हातानेच चारही कडा उचलतो. बायको घड्याळ बघून दिशा सांगते.

काल रात्री वाड्याच्या दिंडी दरवाज्याची निगेटिव्ह केली. कडा स्वच्छ. आकाशाचा जो पट्टा वर दिसतो तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा आहे. दिव्यापुढे धरून किती वेळ बघत बसलो सांगता येत नाही. प्रिंट सुकली की पहिली पाटलांना जाईल, ठरल्याप्रमाणे.

क्षकिरण
अभिनंदन!! फिल्म धुतल्यावर शेवटचं पाणी डिस्टिल्ड घेताय ना? बोअरचं असेल तर सुकल्यावर पांढरे ठिपके राहतात. आणि वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका, त्यातली चांदी काढणारे लोक आहेत, आमच्याकडे दर महिन्याला कॅन घेऊन यायचे. एक्स-रे सेंटरवाल्यांना विचारा, पत्ता मिळेल.

गडदखोली
डिस्टिल्डच घेतो. फिक्सर कॅनमध्ये साठवतोय, विचारतो. हँगरही दोन मिळाले एका डॉक्टरांकडून, सुकवायला टांगतो त्यावर, चारही कोपरे ताणलेले राहतात, फिल्म वळत नाही.

शिरोळचा_पाटील
दरवाजा बघायला आवडेल. आमचाही वाडा आहे, माळवदाचा, पुढच्या पावसात टिकेल का नाही सांगता येत नाही. कॅमेरा एसटीत मावतो का?

गडदखोली
एसटीत नाही मावणार, पण मित्राची ओम्नी आहे. दिवाळीनंतर येतो. फिल्म तिथेच धुवायची म्हणजे ट्रे पण आणतो, फक्त एक अंधारी खोली आणि तीन-चार बादल्या पाणी लागेल.

शिरोळचा_पाटील
धान्याची खोली आहे, खिडकी नाही. या.